प्रेअरीचा उन्हाळा: पेरणी आणि कापणीच्या मधली सुट्टी

कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्काचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांच्या दक्षिणेला पसरलेला सपाट गवताळ मुलूख म्हणजे प्रेअरी. तिथल्या माणसाला उन्हाळी सहलीबद्दल विचारलं तर तो जवळच्या तळ्यावर घालवलेला दिवस सांगेल, नाहीतर बेरी तोडायला गेल्याचं सांगेल, नाहीतर गावच्या मैदानावरच्या बेसबॉलच्या सामन्याचं. या साध्या दिवसांच्या मागे शेतीचं वेळापत्रक आहे, रेल्वे आहे, दुष्काळ आहे आणि काही लोकांवर झालेला मोठा अन्यायही आहे.

आधी हवामान. हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. पारा शून्याखाली जात नाही असे सलग दिवस वर्षातून जेमतेम शंभर-सव्वाशे. जूनअखेरीस रिजायना शहरात सोळा तासांहून जास्त उजेड असतो, रात्री नऊनंतरही मुलं बाहेर खेळतात. गव्हाची पेरणी मे महिन्यात, कापणी ऑगस्टच्या मध्यापासून. शेतकऱ्याला खरा श्वास मिळतो तो या दोन्हींच्या मधे, गवतकापणी सुरू होण्याआधी. 1 जुलैचा डोमिनियन डे (कॅनडाच्या स्थापनेचा दिवस, 1982 पासून कॅनडा डे) नेमका याच फटीत येतो. प्रेअरीत तो इतका रुजला याला देशप्रेमाइतकंच हे वेळापत्रकही कारण आहे, असं मला वाटतं.

पण या मुलखातले पहिले उन्हाळी मेळे शेतकऱ्यांचे नव्हते. क्री, असिनिबॉइन, ब्लॅकफूट हे मूळ रहिवासी वर्षभर लहान टोळ्यांनी फिरत आणि जूनच्या सुमारास एकत्र येत. सूर्यनृत्याचा मोठा विधी तेव्हाच होई, सोयरिकी तेव्हाच जुळत. सरकारविरुद्धच्या 1885 च्या उठावानंतर सरकारने त्यांना राखीव वस्त्यांबाहेर पडायला पास सक्तीचा केला. या सक्तीला कायद्याचा आधार नव्हता, तरी ती कित्येक दशकं चालली. 1895 मध्ये कायद्यात बदल करून सूर्यनृत्यातल्या मुख्य विधींवर बंदी आली, ती 1951 पर्यंत टिकली. म्हणजे गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या पिकनिकी ज्या वर्षांत फुलत होत्या, त्याच वर्षांत शेजारच्या माणसांना आपल्याच भूमीवर उन्हाळ्यात जमायची मनाई होती. प्रेअरीच्या रम्य आठवणी सांगताना ही गोष्ट गाळली जाते, ती गाळू नये.

वसाहतकरी आले ते 1872 च्या जमीन कायद्याने. 10 डॉलर फी भरायची, ठराविक वर्षं राहून जमीन कसायची, की 160 एकर आपले. प्रत्येकाला आपल्याच जमिनीवर राहायची अट, त्यामुळे घरं एकमेकांपासून लांब लांब. खेड्यासारखी वस्ती नाही, ओटा नाही, पार नाही. विशेषतः बायकांचे आठवडेच्या आठवडे दुसऱ्या बाईशी न बोलता जात. म्हणून शाळेची वार्षिक पिकनिक हा पंचक्रोशीचा सोहळा असे. घोडागाड्या जोडून माणसं यायची. पोत्यातली शर्यत, तीन पायांची शर्यत, रस्सीखेच, दुपारी गावागावांचे बेसबॉलचे सामने.

आणि आइस्क्रीम. त्याची तयारी जानेवारीतच सुरू व्हायची. गोठलेल्या नदीतून किंवा तळ्यातून करवतीने बर्फाच्या लाद्या कापायच्या, जमिनीत खणलेल्या बर्फघरात लाकडाच्या भुशात नाहीतर पेंढ्यात पुरून ठेवायच्या. जुलैत त्यातलीच लादी बाहेर काढून फोडायची. घरच्या गाईंची साय आणि साखर मधल्या भांड्यात, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि मग हँडल फिरवत बसायचं. आपल्याकडचं पॉट आइस्क्रीम असतं तसंच. हात भरून आले की पुढच्या मुलाची पाळी. शेवटी आतली फळी चाटायला कोणाला मिळणार यावरून भांडणं.

जुलैत सस्कटून बेरी पिकते. जांभळट-निळी, बोटाच्या पेराएवढीही नाही. मूळ रहिवासी ती वाळवून, बायसनच्या मांस आणि चरबीत मिसळून पेमिकन करत, आणि फर व्यापाराच्या काळात या पेमिकनवर होड्यांचे अख्खे ताफे पोसले गेले. वसाहतकऱ्यांच्या बायकांनी तिचे ‘पाय’ (फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) केले, हिवाळ्यासाठी बरण्या भरल्या. चरबीचा किंवा सिरपचा रिकामा डबा कमरेला बांधला की दोन्ही हात तोडायला मोकळे.

शहरातल्या कामगाराला तळं दाखवलं ते रेल्वेने. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने विनिपेग तळ्याच्या काठी जमीन घेऊन विनिपेग बीच वसवलं, 1903 मध्ये तिथे गाडी सुरू झाली. विनिपेग शहरापासून अंतर सुमारे 70-75 किलोमीटर. लाकडी रोलर कोस्टर, फळ्यांचा पादचारी रस्ता, भलंमोठं नृत्यगृह. संध्याकाळच्या ‘मूनलाइट’ गाडीचं परतीसकट तिकीट 50 सेंट होतं. दुकानात, कारखान्यात दिवसभर राबलेली तरुण पोरं-पोरी त्या गाडीने जात, नाचत आणि मध्यरात्री परतत. कॉटेज भाड्याने घेणाऱ्या घरांत आई आणि मुलं उन्हाळाभर तिथेच राहत, वडील काम आटोपून यायचे त्या गाडीला मुलं ‘बाबांची गाडी’ म्हणत. हे तळं सगळ्यांना सारखं खुलं नव्हतं. समोरच्या काठावरच्या व्हिक्टोरिया बीचवर ज्यू कुटुंबांना कॉटेज मिळू द्यायचं नाही, असा प्रकार बरीच वर्षं चालला. विनिपेग बीचवर मात्र त्यांची वस्ती वाढली.

सस्काचेवानात वॉट्रसजवळ लिटल मॅनिटू नावाचं तळं आहे. पाणी इतकं खारं की माणूस आपोआप तरंगतो. मूळ रहिवासी ते औषधी मानत आले, पुढे रेल्वेने आलेले लोकही तिथे डुंबू लागले. तिथल्या ‘डान्सलँड’ या नृत्यगृहाच्या लाकडी जमिनीखाली घोड्याच्या केसांचा थर आहे, त्यामुळे नाचताना पाय दमत नाहीत. ते आजही उभं आहे.

तिसाच्या दशकात दुष्काळ आणि जागतिक मंदी एकदमच आली. 5 जुलै 1937 रोजी सस्काचेवानातल्या यलो ग्रास आणि मिडेल या गावांत पारा 45 अंशांवर गेला. कॅनडाचा हा विक्रम 2021 पर्यंत मोडला नव्हता. माती उडत होती, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून लोक मोटारीला घोडे जुंपत होते. याच मंदीत एक चांगली गोष्टही घडली. रिजायनात 2,000 हून अधिक बेकारांना काम मिळावं म्हणून वास्काना तळं हातांनी आणि घोड्यांच्या गाड्यांनी खोल केलं गेलं. उपसलेल्या मातीतून बेटं उभी राहिली. त्यातल्या विलो बेटावर लोक आज छोट्या बोटीने पिकनिकला जातात. 1931 मध्ये सस्काचेवानने आपली पहिली प्रांतिक उद्यानं जाहीर केली. सायप्रस हिल्स आणि क्वापेल खोऱ्यातलं कटेप्वा त्यातलीच.

युद्धानंतर मोटारी घरोघरी आल्या आणि रेल्वेच्या सहली ओसरल्या. मूनलाइट गाडी 1956 मध्ये थांबली, विनिपेग बीचचं करमणूक केंद्र 1964 मध्ये बंद पडलं. 1967 मध्ये सस्काचेवानातलं गार्डिनर धरण पूर्ण झालं आणि कोरड्या माळावर 200 किलोमीटरहून लांब जलाशय तयार झाला.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा ठरला तो सस्काचेवानचा 1960 चा प्रादेशिक उद्यान कायदा. आसपासच्या गावांनी आणि ग्रामीण पालिकांनी एकत्र येऊन आपलं उद्यान उभारायचं, सरकारने हातभार लावायचा, अशी ती योजना. आज अशी उद्यानं शंभरच्या आसपास आहेत. कुठे एखाद्या ओढ्याला बांध घालून पोहण्यापुरतं पाणी अडवलेलं, कुठे तंबूंना जागा, बेसबॉलचं मैदान, शेगडीला लाकडं. गवत कापायला, बाक रंगवायला बऱ्याच ठिकाणी गावकरी स्वतः येतात. रिजायना किंवा सस्कटूनला नोकरीसाठी गेलेलं मराठी कुटुंब रविवारी डबा घेऊन तळ्यावर निघतं, तेव्हा त्यांनाही हीच उद्यानं जवळची आणि परवडणारी असतात.