बाख यांनी वाजवलेला ऑर्गन लायपझिगमध्ये नाही

संगीतकार योहान सेबास्टियान बाख यांनी जिथे काम केलं त्या जर्मनीतल्या लायपझिगला जाऊन आलेले बरेच जण सांगतात, ‘सेंट थॉमस चर्चमध्ये बाख वाजवायचे तोच ऑर्गन ऐकला.’ तसं नाही. त्यांच्या काळातला, नळ्यांत हवा सोडून वाजवायचा तो ऑर्गन तिथे उरलेलाच नाही. आज पश्चिमेच्या सज्जात दिसतो तो विल्हेल्म साउअर यांनी बांधलेला ऑर्गन १८८९चा, म्हणजे बाख जाऊन १३९ वर्षं झाल्यावरचा. ‘बाख ऑर्गन’ नावाचा दुसरा तर २००० साली बसवला. साउअर ऑर्गनचा भरदार नाद बाख यांच्या रचनांना मानवत नाही, म्हणून गेराल्ड वोल यांनी तो जुन्या धर्तीवर बांधला. घोटाळा होतो तो बहुधा या नावामुळेच.

शिवाय १७२३ ते १७५० बाख तिथे कँटर होते. मुलांना गाणं शिकवणं, रविवारच्या उपासनेचं संगीत रचून बसवणं हे त्यांचं काम; ऑर्गनवादक वेगळा नेमलेला असे.

बाख यांचा हात खरोखर लागलेला ऑर्गन ऐकायचा तर नाउमबुर्गचं सेंट वेन्झेल चर्च गाठावं. झाखारियास हिल्डेब्रांट यांनी बांधलेला तिथला ऑर्गन सप्टेंबर १७४६मध्ये बाख आणि ऑर्गन बांधणारे गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी तपासला. करारातलं सगळं जागेवर आहे, असा दाखला त्यांनी दिला. पण एकेक स्टॉप, म्हणजे एका जातीच्या नादाच्या नळ्यांचा संच, पुन्हा नजरेखालून घालावा, नाद आणि पट्ट्यांची चाल आणखी एकसारखी करावी, असंही बजावलं. ५३ स्टॉपचा तो ऑर्गन दुरुस्त होऊन आजही वाजतो.