अर्धी भिंत गुलाबी: लेन्सचा कास्ट की सेन्सरची शिवण?

"दादा, रंगाऱ्याने हॉलची अर्धी भिंत दुसऱ्याच डब्यातून मारली का हो?" एका इंटिरियर डिझायनर बाईंनी फोटो बघून फोनवर विचारलं. रंग एकाच डब्यातला होता. घोळ माझ्याकडचा होता. मीडियम फॉरमॅट डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे बसणारा मोठा सेन्सर), टेक्निकल कॅमेरा (ज्यात लेन्स किंवा बॅक बाजूला सरकवता येते), ३५ मिमीची लेन्स आणि १५ मिमी शिफ्ट, म्हणजे तेवढं सरकवणं. भिंत डावीकडे हिरवट, उजवीकडे गुलाबी.

"लेन्स कास्ट आहे, लेन्समुळे चढलेली रंगाची झाक, काढून टाकतो," मी म्हटलं आणि काढलाही. हिरवं-गुलाबी गेलं. मग भिंतीच्या वरच्या, खिडकीपासून लांबच्या अंधाऱ्या भागात फ्रेमच्या बरोबर मधोमध एक उभी सीमा दिसायला लागली. तिच्या अलीकडची भिंत आणि पलीकडची भिंत किंचित वेगळी. फरक नखाएवढा, पण एकदा दिसला की डोळा तिथेच जातो. एकाच फोटोत दोन दुखणी होती आणि मी त्यांना एकच समजून बसलो होतो.

आधी कास्ट. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे छोटी विहीर समजा. प्रकाश सरळ वरून आला तर तळाशी पोचतो. तिरका आला तर काही काठावर अडतो, काही शेजारच्या विहिरीत सांडतो. शेजारच्या विहिरीवरचा फिल्टर दुसऱ्या रंगाचा, म्हणून रंग बिघडतो. किती तिरका? सेन्सर ४९ मिमी रुंद धरा. शिफ्ट नसताना कड अक्षापासून साडेचोवीस मिमीवर असते, म्हणजे सिमेट्रिकल (पुढेमागे सारखी बांधणी असलेल्या) ३५ मिमी लेन्समधून तिथे पोचणारा किरण साधारण ३५ अंशांनी झुकलेला. १५ मिमी शिफ्ट केलीत की लांबची कड साडेएकोणचाळीसवर जाते आणि कोन ४८ अंशांच्या पुढे. तिथे उजेडही दोन स्टॉपहून जास्त घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ते वेगळंच. रेट्रोफोकस बांधणीच्या वाइड लेन्समध्ये मागून निघणारे किरण जास्त सरळ असतात, म्हणून कास्ट कमी. बॅकचाही वाटा असतोच. फेज वन कंपनीच्या पी३०+ या बॅकमध्ये पिक्सेलांवर मायक्रोलेन्स, म्हणजे प्रकाश गोळा करणारी बारीक भिंगं, होत्या. त्यामुळे आयएसओ वर नेता यायचा, पण तिरका प्रकाश तिला सोसायचा नाही. टेक्निकल कॅमेऱ्यावाले मायक्रोलेन्स नसलेल्या पी४५+ कडे वळायचे ते त्यासाठीच. २०१८ साली आलेल्या १५० मेगापिक्सेलच्या आयक्यू४ मध्ये बॅकसाइड इल्युमिनेटेड सेन्सर (ज्यात तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेतून मागे गेलेलं असतं) आहे, तिथे विहीर जवळजवळ उथळ झाली आणि हे दुखणं बरंच कमी झालं.

आता ती मधली उभी सीमा, म्हणजे शिवण. तिचा लेन्सशी मुळात संबंध नाही. मोठ्या सीसीडीतला (जुन्या बॅकमधल्या सेन्सरचा प्रकार) चार्ज एकाच दाराने बाहेर काढत बसलं तर फार वेळ लागतो, म्हणून डावा अर्धा एका अ‍ॅम्प्लिफायरने आणि उजवा दुसऱ्याने वाचतात. दोन अ‍ॅम्प्लिफायर तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यात कॅलिब्रेशन करून त्यांना जुळवलेलं असतं. ते जुळणं थोडं जरी हललं तरी मधोमध शिवण उसवते. दुसरं कारण आणखी आधीचं. चिप छापणाऱ्या यंत्राचं एका वेळचं क्षेत्र जेमतेम २६ बाय ३३ मिमी. ४९ बाय ३७ चा सेन्सर त्यात मावत नाही, म्हणून तो तुकड्यातुकड्याने, दोन पाट्यांची साडी जोडावी तसा छापतात. जोडाच्या दोन्ही बाजूंची रचना केसाच्या अंशाने जरी सरकलेली असली तरी तिरका प्रकाश ते दाखवून देतो. म्हणजे शिवणसुद्धा शिफ्ट केल्यावर जास्त दिसू शकते! माझी फसगत झाली ती इथेच. "शिफ्ट केल्यावर दिसतं, म्हणजे लेन्स" हा हिशेब वाटतो सोपा, पण टिकत नाही.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे शिफ्ट उलट बाजूला करून बघणं. उजवीकडे १५, मग डावीकडे १५, दोन्ही वेळा समोर तीच साधी भिंत. कास्ट बाजू बदलतो, कारण तो लेन्सच्या अक्षाला बांधलेला. शिवण जागची हलत नाही. ७२१६ पिक्सेल रुंदीची फाइल असेल तर ती ३६०८ च्या आसपास, कुठल्याही लेन्सला, कुठल्याही शिफ्टला. बॅक उभी फिरवलीत तर तीही आडवी होते. दुसरी खूण फोटो १०० टक्के मोठा करून बघितला की दिसते. कास्टला कडा नसते, कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. शिवणीची हद्द दोन शेजारच्या कॉलमांमध्ये असते. नजरेला कळत नसेल तर कॉन्ट्रास्ट वाढवायला कर्व्ह उभा करा आणि सॅच्युरेशन टोकाला न्या. फोटो भयानक दिसेल, पण निदान होईल.

आणि हो, या दोघांवर आळ घेण्याआधी खोलीतले दिवे बघा. एका बाजूला खिडकीचा उजेड आणि दुसरीकडे एलईडी पट्टी असेल तर भिंत खरोखरच दोन रंगांची असते.

कास्टवर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. फोटो काढून झाला की काहीही न हलवता, तोच शिफ्ट, तोच अ‍ॅपर्चर, तोच फोकस ठेवून लेन्सपुढे दुधी अ‍ॅक्रिलिक धरून आणखी एक फ्रेम काढायची. कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून एलसीसी (लेन्स कास्ट कॅलिब्रेशन) बनतं, लाइटरूम क्लासिकमध्ये फ्लॅट फील्ड करेक्शन. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून दोन-तीन मिमीचा तुकडा कापून आणलात तरी चालतो, फक्त सगळीकडे सारखा दुधी हवा. एक्स्पोजर भरपूर द्या, पण एकही चॅनल जळू देऊ नका. "नंतर स्टुडिओत काढू" म्हणून ही फ्रेम टाळली की पस्तावतो, कारण शिफ्टचा आकडा तोवर आठवत नाही.

शिवणीवर मात्र एलसीसी म्हणजे मलमपट्टी. पांढऱ्या फ्रेममध्ये शिवण जेवढी होती तेवढीच ते पुसतं. उजेडाच्या पातळीप्रमाणे दोन अ‍ॅम्प्लिफायरांतला फरक बदलत असेल, तर भिंतीच्या उजळ भागात रेघ नाहीशी होते आणि अंधाऱ्या भागात राहते. माझ्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. मूळ आयएसओवर राहणं, एक्स्पोजर उजवीकडे, म्हणजे काही न जाळता जमेल तितकं उजळ, नेणं आणि सावल्या फार न उपसणं, एवढं आपल्या हातात आहे. त्यानेही भागलं नाही तर बॅक कॅलिब्रेशनला पाठवावी लागते. बाईंची भिंत मी शेवटी मास्क काढून हाताने जुळवली. पाऊण तास गेला आणि त्याचं बिल लावलं नाही.

जुनी सीसीडी बॅक सेकंडहँड घ्यायला जाल तेव्हा दुधी तुकडा खिशात ठेवा. दोन फ्रेम काढा: एक नीट एक्स्पोज केलेली, दुसरी चार स्टॉप अंडर. दुसरी घरी आणून वर उचला आणि मधल्या कॉलमकडे बघा.