विकासात्मक दिव्यांगत्व आणि दंतनिगा

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात बदल) यांसारख्या, जन्मापासून किंवा वाढीच्या वयात दिसू लागणाऱ्या अवस्था असलेल्या व्यक्तींच्या दातांची रोजची स्वच्छता आणि त्यांच्या गरजेप्रमाणे बेतलेले दंतोपचार यांचा या विषयात समावेश होतो. यांचे दात किडतात आणि हिरड्या सुजतात त्या इतरांसारख्याच, दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरामुळे आणि साखरेमुळे. फरक पडतो तो पुढे. ब्रश बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो, दुखणे शब्दांत सांगता येतेच असे नाही, आणि साधी दाढ भरायलाही कधी पूर्ण भूल द्यावी लागते. त्यामुळे घरचे ब्रशिंग हाच येथे मुख्य उपचार ठरतो.

अवस्थेनुसार फरक

डाऊन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, आलेले लहान आणि निमुळते असू शकतात. कीड तुलनेने कमी दिसते, पण हिरड्यांचा आजार तरुणपणीच हाड खातो आणि खालचे पुढचे दात लवकर हलू लागतात. ‘कीड नाही, म्हणजे दात चांगले’ हा पालकांचा समज इथे महागात पडतो. यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या अस्तराचा संसर्ग किंवा दुरुस्त न केलेला, ओठ निळे पडणारा दोष असेल, तर दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटे प्रतिजैविक द्यावे लागते (अमॉक्सिसिलिन, मुलांना वजनाच्या किलोमागे ५० मि.ग्रॅ., प्रौढांना २ ग्रॅम). प्रत्येक हृदयदोषाला ते लागत नाही. हृदयतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत असलेली बरी. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून खुर्चीत डोके मागे ताणू नये.

सेरेब्रल पाल्सीत जबड्याचे स्नायू ताठर असतात. ब्रश तोंडात जाताच दात घट्ट मिटतात, दातखाणे चालू राहते, लाळ गळते, पडल्यामुळे पुढचे दात मोडतात. गिळण्याची क्रिया कच्ची असल्याने पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धवट उभीच ठेवतात. नळीने अन्न घेणाऱ्यांचे दात वापरात नसतात म्हणून स्वच्छ राहतील असे वाटते, पण त्यांच्या दातांवर कीटण (दगडासारखा कडक थर) उलट झपाट्याने चढते.

स्वमग्नतेत अडचण स्पर्शाची, चवीची आणि आवाजाची असते. पेस्टचा फेस किंवा पुदिन्याची चव सहन होत नाही. बिनफेसाची, सौम्य चवीची पेस्ट चालते, आणि एकदा जमलेली पेस्ट विनाकारण बदलू नये. घास गालात धरून ठेवण्याची सवयही अनेकांना असते. जेवणानंतर गालाच्या खाचेत बोट फिरवले की त्याचा पत्ता लागतो.

फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या पहिल्या काही महिन्यांतच वाढू लागतात, कधी दात निम्मे झाकून टाकतात. औषध आपल्या मनाने बंद करू नये. दातांवरचा थर रोज निघत असेल तर हिरड्यांची वाढ आटोक्यात राहते, आणि पर्यायी औषधाचा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञाचा. गोड सिरप रात्री दिले, तर त्यानंतर ब्रश केल्याशिवाय झोपवू नये.

ब्रश कसा करावा

जागा न्हाणीघरच हवी असे नाही. उजेड आणि डोक्याला आधार हवा. घासणाऱ्याने मागे उभे राहून रुग्णाचे डोके आपल्या छातीला टेकवावे. चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावलेले असावेत. लहान मुलासाठी दोघे जण समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि मुलाचे डोके एकाच्या मांडीवर घेतात.

लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घेऊन तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर ४५ अंशांत धरावा आणि थोड्या थोड्या हालचालींनी घासावे. क्रम रोज तोच: समजा, वर उजवीकडून सुरुवात, तर दररोज तेथूनच. बहुतेक घरी ओठ न उचलताच पुढचे दात घासले जातात, आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू राहूनच जाते. बोटाने गाल बाजूला घेऊन तेथे आधी जावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. भारतात पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची मर्यादा आहे. चूळ भरता येत नसेल तर उरलेली पेस्ट ओल्या गॉजने (जाळीदार सुती पट्टीने) पुसावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तेथे पेस्ट गिळणाऱ्या मुलाबाबत दंतवैद्याला विचारावे.

व्यक्ती स्वतः घासू शकत असेल, तर आधी तिने, मग घरच्यांनी. पकड कमकुवत असेल तर ब्रशला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवतात, किंवा चेंडूला भोक पाडून त्यात दांडी खुपसतात. दात घट्ट मिटले तर ब्रश ओढू नये. थांबले की जबडा सैल होतो. तोंड उघडे ठेवायला चार-पाच लाकडी जीभपट्ट्यांना गॉज गुंडाळून एका बाजूच्या दाढांमध्ये धरतात. बोट कधीही नाही, धातूचा चमचाही नाही.

विशेष शाळांत आणि घरीही शाबासकी म्हणून चॉकलेट देण्याची पद्धत रुळली आहे. दिवसाला दहा लहान तुकडे हे एका मोठ्या तुकड्यापेक्षा वाईट, कारण प्रत्येक वेळी तोंडातले आम्ल वाढते. स्टिकर किंवा आवडते गाणे तेच काम करते.

दवाखान्यात

पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, दात दुखण्याआधी व्हावी. स्वमग्न मुलासाठी पहिल्या एक-दोन भेटींत उपचार टाळून नुसते खुर्चीवर बसणे, आरसा हातात घेणे, दात मोजून घेणे एवढेच करतात. प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग दाखवायची, मग करायची. सकाळची पहिली वेळ घ्यावी. वाट पाहण्यातच निम्मी सहनशक्ती संपते.

ड्रिल नको असेल तिथे ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रावण लावून कीड थांबवता येते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगायला हवे. मऊ कीड हाताच्या अवजाराने काढून ग्लास आयोनोमर (दात भरायचे एक सिमेंट) भरणे हा आणखी एक पर्याय. नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवल्याने भीती कमी होते, पण त्यासाठी नाकावरचा मुखवटा सहन व्हावा लागतो. बरेच दात एकदम बिघडले असतील तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सारे उरकतात. आधी ६ तास घन अन्न आणि २ तास पाणीही बंद. स्थानिक भुलीनंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. या वेळात मुले तो चावून सुजवून घेतात, म्हणून कोणीतरी लक्ष ठेवावे.

दुखणे वागण्यातून कळते: जेवण नाकारणे, एकाच बाजूने चावणे, गालावर थापटणे, डोके आपटणे, रात्री झोप न येणे. वागणूक अचानक बिघडली तर औषध वाढवण्याआधी तोंड उघडून पाहावे.

संमतीचा प्रश्न १८ वर्षांनंतर येतो. त्या वयानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार पालकत्वासाठी जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक पातळी समितीकडे अर्ज करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून, दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठी त्यात वेगळी मर्यादा आहे.