पार्श्वभूमी: प्लास्टिक किती वेळा वितळवता येते?

केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमांनी डबे-बाटल्यांसारख्या कडक प्लास्टिक वेष्टनांसाठी एक उद्दिष्ट आखले: 2025-26 पासून 30 टक्के माल पुनर्प्रक्रियेतून आलेला असावा आणि 2028-29 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांवर जावे. मग प्रश्न येतो की भंगारातून आलेला दाणा (वस्तू बनवायला लागणारा प्लास्टिकचा कच्चा माल) नव्या दाण्याची बरोबरी करेल का. त्याचे उत्तर प्रत्येक प्लास्टिकसाठी वेगळे आहे, आणि धोरणाच्या चर्चेत नेमके हेच हरवते.

1907 मध्ये आलेले बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळतच नसे. पुढे आलेली पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिके वितळत, म्हणून कारखान्यातले तुकडे दळून परत यंत्रात टाकण्याची रीत पडली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन स्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडले होते की असे पदार्थ लांबच लांब रेणुसाखळ्यांचे बनलेले असतात. ही लांबीच मजबुती देते आणि एक्स्ट्रूडरमधली (प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातली) उष्णता, घर्षण व हवेतला ऑक्सिजन तिच्यावरच घाला घालतात.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये साखळ्या तुटतात. दर फेरीला वितळलेला माल अधिक पातळ वाहतो आणि त्यापासून केलेली बादली लवकर तडकते. बऱ्याचशा पॉलिथिलीनमध्ये उलटे घडते. साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, माल जाडसर होतो आणि पिशवीच्या फिल्मवर बारीक गुठळ्या दिसू लागतात. कारखान्यात घातलेले ऑक्सिडेशनरोधकही प्रत्येक फेरीत खर्च होते. ते पुन्हा घातले नाही तर ऱ्हास वेगाने होतो. विजेच्या उपकरणांसाठीच्या यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मानकात वेगळी चाचणी न करता फक्त 25 टक्क्यांपर्यंत दळलेला माल मिसळता येतो, ते यामुळेच.

पेटची (पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची) गोष्ट सगळ्यांत बोलकी. व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी 1941 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलेले हे प्लास्टिक आधी धाग्यासाठी होते. बाटलीचे पेटंट नॅथॅनिएल वायथ यांना 1973 मध्ये मिळाले. वितळलेल्या पेटचा शत्रू पाणी. दाण्यात थोडा जरी ओलावा राहिला तरी साखळ्या तुटतात, म्हणून तो दहा लाखांत सुमारे 50 भागांपर्यंत वाळवावा लागतो. साखळीची लांबी दाखवणारा श्यानतेचा (दाटपणाचा) आकडा बाटलीसाठी 0.8 च्या आसपास लागतो, धाग्याला 0.6 च्या थोडे वर असला तरी चालतो. त्यामुळे बाटल्यांचा धागा होणे ही दशकानुदशके सोयीची वाट ठरली.

भेसळीचे संकट वेगळेच. पीव्हीसी (पाइपांसाठी वापरले जाणारे प्लास्टिक) आणि पेट दोन्ही पाण्यात बुडतात, घनताही जवळपास सारखी. पाण्याच्या टाकीत तरंगणारे पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीन वेगळे काढता येते, पण पेटमध्ये लपलेला पीव्हीसीचा तुकडा 270 अंशांना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो आणि आसपासचा माल पिवळा, ठिसूळ करतो. धारावीतल्या हाताने केलेल्या निवडीचे मोल इथे कळते. ते कसब आहे, आणि त्याला तसा मान मिळायला हवा.

भारतात 1999 च्या नियमांनी पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या व डब्यांत खाद्यपदार्थ ठेवायला मनाई केली. 2016 च्या नियमांतही बंदी राहिली. ती योग्यच होती. मागच्या वापरात त्या डब्यात काय भरले होते, हे दाण्याकडे पाहून कळत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या अटींवर हे दार उघडले, आणि पहिला मान पेटला मिळाला.

यामागे रसायनशास्त्र आहे. सुमारे 200 अंशांना, न वितळवता, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये पेटचा दाणा तासन्‌तास ठेवला की तुटलेल्या साखळ्यांची टोके पुन्हा जुळतात, श्यानता बाटलीच्या पातळीवर येते आणि शोषलेली बाष्पशील द्रव्येही निघून जातात. पॉलिप्रॉपिलीनच्या तुटलेल्या टोकांना असे जुळता येत नाही. त्यात नवा दाणा मिसळणे हाच आजही मुख्य उपाय आहे.