ब्रेक सुटला की सफरचंद पिकतं

‘केमिकलने पिकवलेली फळं म्हणजे विष’ असे मेसेज फिरत असतात. त्यातली कॅल्शियम कार्बाइडची भीती रास्त आहे; त्यातून आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगं फळाला लागू शकतात. पण त्याच यादीत इथिलीनही घुसडलेलं असतं, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. हा वायू सफरचंद स्वतःच सोडतं. रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने १९३४ सालीच ते सिद्ध केलं.

इथिलीन हे वनस्पतींचं संप्रेरक. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून पेशीत एसीसी नावाचा रेणू बनतो आणि एसीसीपासून, ऑक्सिजन वापरून, इथिलीन.

आता खरी गंमत. इथिलीन पेशीला ‘पीक’ असा हुकूम देत असेल, असं वाटतं ना? तसं नाही. इथिलीन ओळखणारी ग्राही प्रथिनं वायू नसतानाच कामावर असतात. ती सीटीआर-१ या प्रथिनाला चालू ठेवतात. सीटीआर-१ हे ईआयएन-२ या आणखी एका प्रथिनाला दाबून ठेवतं. ईआयएन-२ दबलेलं असेतो जनुकं जागी करणारं ईआयएन-३ हे प्रथिन तयार होताच नष्ट होत राहतं आणि पिकवणारी जनुकं गप्प बसतात. ग्राहीत तांब्याचा आयन असतो. इथिलीन त्याला चिकटलं की ग्राहीच बंद पडतं आणि पुढची सगळी दडपशाही संपते. थोडक्यात, इथिलीन अ‍ॅक्सिलरेटर दाबत नाही, ब्रेक सोडतं. पुरावा हवा? टोमॅटोच्या ‘नेव्हर राइप’ या उत्परिवर्तित वाणात ग्राहीला इथिलीन चिकटतच नाही. ब्रेक अडकून बसतो, फळ नीट पिकत नाही.

जाग्या झालेल्या जनुकांत एसीसी बनवणारं एसीएस-१ही असतं. म्हणून इथिलीन आणखी इथिलीन घडवतं, पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन तोडणारी विकरं (एन्झाइम्स) कामाला लागतात, गर मऊ पडतो. फुजी सफरचंदात एसीएस-१च्या दोन्ही प्रतींच्या नियंत्रक भागात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसलाय. त्यामुळे इथिलीन कमी बनतं आणि फुजी बराच काळ करकरीत राहतं. ‘टिकतंय म्हणजे नक्की काहीतरी फवारलंय’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

अर्थात साठवणुकीत सफरचंदांना १-एमसीपी हा वायू देतातही. तो तांब्याच्या त्याच जागेवर घट्ट बसतो, पण ग्राहीला बंद पाडत नाही, त्यामुळे इथिलीनला शिरकावच मिळत नाही. पेशीने नवी ग्राही तयार केली की मगच पिकणं पुन्हा सुरू होतं.