दोन क्लिपांमधला एक सेकंद

नवरीचा हळदीने माखलेला चेहरा विरत जातो आणि त्याच जागी अंतरपाट उमटतो. लातूर-नांदेडकडच्या लग्नाच्या व्हिडिओत हा डिझॉल्व्ह हमखास भेटतो. यात कॉम्प्युटर नेमकं काय करतो? सरासरी काढतो, बस्स.

आपल्याकडे व्हिडिओ बहुधा सेकंदाला 25 फ्रेमचा, म्हणजे 25 स्थिर चित्रांचा असतो. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह लावला की दर फ्रेमला पहिल्या क्लिपचा वाटा 4 टक्क्यांनी घटतो, दुसरीचा तेवढाच वाढतो. फुल एचडी फ्रेममध्ये 20 लाखांहून जास्त ठिपके, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे त्या एका सेकंदात 15 कोटींवर सरासऱ्या.

यात एक मेख आहे. फाइलमधला आकडा प्रकाशाच्या प्रमाणात नसतो. 255 म्हणजे पूर्ण पांढरा, पण 128 ला पडद्यावरून निम्मा नव्हे, जेमतेम 22 टक्के प्रकाश येतो. त्यामुळे आकड्यांची सरळ सरासरी घेतली की मांडवातले हॅलोजन मध्यावर फार लवकर मंदावतात. आधी आकड्यांचा प्रकाश करायचा, मग सरासरी घ्यायची, तर दिवे बराच वेळ तेजाळत राहतात. ॲडोबी प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधला ‘फिल्म डिझॉल्व्ह’ हेच करतो. रात्रीची वरात जोडताना साधा डिझॉल्व्ह आणि हा, दोन्ही लावून बघा, फरक लगेच कळेल.

मात्र प्रत्येक जोडावर इफेक्ट कशाला? आपले डोळे सेकंदाला साधारण तीनदा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात आणि त्या उडीपुरतं मेंदू दिसणं दाबून टाकतो. तुटक तुकडे जोडून सलग जग उभं करायची सवय आपल्याला जन्मभराची. म्हणून साधा कट, म्हणजे एका क्लिपला थेट दुसरी जोडणं, खटकत नाही. पान उलटणारे, चौकट गरगर फिरवणारे इफेक्ट मात्र दृश्यावरची नजर स्वतःकडे ओढतात. हळदीसारख्या हळव्या प्रसंगात तर ते मला अजिबात सहन होत नाहीत.

डिझॉल्व्हची खरी जागा काळ पुढे सरकतो तिथे. पैठणच्या नाथसागराकाठी मे महिन्यात एका खुणेवर ट्रायपॉड लावून भेगाळलेला गाळ टिपा. पाऊस चांगला झाला तर सप्टेंबरात त्याच खुणेवरून, त्याच उंचीवरून पाणी टिपा. काठाची रेघ जुळली की दोन-तीन सेकंदांच्या डिझॉल्व्हमध्ये गाळावर पाणी चढताना दिसतं. चार महिने लोटल्याचं निवेदनात सांगावंच लागत नाही.

त्यासाठी दोन्ही क्लिपांना शिल्लक फुटेज हवं. तीन सेकंदांचा डिझॉल्व्ह जोडाच्या मधोमध बसवला, तर पहिल्या क्लिपच्या कटानंतर दीड सेकंद आणि दुसरीच्या सुरुवातीआधी दीड सेकंद चित्रण लागतं. ते नसेल तर सॉफ्टवेअर शेवटची फ्रेमच गोठवून पुढे ताणतं आणि लाटा मध्येच थिजतात. म्हणून हवं ते दृश्य टिपून झालं तरी कॅमेरा लगेच बंद करू नका, पाच सेकंद तसाच चालू द्या.