पत्ता कोणाच्या नावावर?

12 फेब्रुवारी 2024 रोजी मास्टोडॉनच्या (ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून चालणारं व्यासपीठ) जाळ्यातला क्विअर.एएफ नावाचा एक छोटा सर्व्हर एकाएकी दिसेनासा झाला. यंत्र चालू होतं, डेटा जागच्या जागी होता, चालवणारी मंडळीही हजर होती. गेला होता तो फक्त पत्ता. 'डॉट एएफ' ही अक्षरं अफगाणिस्तानची. त्या नावांची नोंदवही तिथल्या दळणवळण मंत्रालयाकडे असते, आणि 2021 पासून ते मंत्रालय तालिबानच्या ताब्यात आहे. समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या या सर्व्हरचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्यांनी निलंबित केलं. चालवणाऱ्यांना धोका आधीच दिसला होता. एप्रिलमध्ये मुदत संपली की नूतनीकरण करायचं नाही, असं त्यांचं ठरलंही होतं. तालिबानने तेवढी वाट पाहिली नाही.

'मास्टोडॉन तर विकेंद्रित ना? मग एका मंत्रालयाने फुली मारली आणि बंद कसं पडलं?' हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. प्रश्नामागचा समज असा: विकेंद्रित म्हणजे वर कोणी मालक नाही, आणि मालक नाही म्हणजे खातं माझं. यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही.

भारतात मास्टोडॉनचं नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आलं ते नोव्हेंबर 2019 मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, आणि त्याच्या निषेधार्थ बरीच मंडळी इकडे आली. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं तेव्हा जगभरातून आणखी मोठी लाट आली. दोन्ही वेळा आलेल्यांपैकी अनेक जण काही आठवड्यांत परतले. 'किचकट आहे', 'कोणी भेटतच नाही', 'उत्तरं दिसत नाहीत' या त्यांच्या तक्रारी. यातली शेवटची तक्रार तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त आहे.

समजा, तुमचं खातं 'अ' सर्व्हरवर आहे आणि तुमच्या मावसबहिणीचं 'ब'वर. तुम्ही तिला फॉलो केलंत की 'अ' तसं 'ब'ला कळवतो. पुढे ती काही लिहिते तेव्हा 'ब' त्याची एक प्रत 'अ'च्या इनबॉक्समध्ये टाकतो. ही देवाणघेवाण ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीनुसार होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ती जानेवारी 2018 मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. आता तिच्या पोस्टला 'क' सर्व्हरवरच्या कोणी उत्तर दिलं, तर ते 'ब'कडे जातं. 'अ'ला ते सांगायला कोणी बांधील नाही. म्हणून तिला बारा उत्तरं दिसतात, तुम्हाला तीन, आणि तुम्ही चौथं म्हणून तेच लिहिता जे आधी पाच जणांनी लिहून झालंय. लाइकचे आकडेही असेच सर्व्हरागणिक वेगळे. मास्टोडॉनच्या 2025 मधल्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं शोधून आणण्याची सोय आली आहे, पण सगळे सर्व्हर एकाच आवृत्तीवर नसतात.

पोस्ट काढून टाकण्याचंही तेच. 'डिलीट' दाबलं की तुमचा सर्व्हर इतरांना 'ही प्रत काढा' असा निरोप धाडतो. बहुतेक जण ऐकतात, पण ऐकायला लावणारं कोणी नाही. खासगी संदेश दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांना मनात आणलं तर वाचता येतात, कारण ते टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. शिवाय 'अ'च्या चालकाचं 'ब'च्या चालकाशी बिनसलं आणि त्याने 'ब'ला पूर्ण बंदी केली, तर तुमची मावसबहीण तुमच्या यादीतून जाते. भांडण तुमचं नसतं, तुम्हाला कोणी विचारलेलंही नसतं. एरवी ही बंदी मोठी कामाची आहे. 2019 मध्ये गॅब नावाच्या अतिउजव्या संकेतस्थळाने मास्टोडॉनची आज्ञावली उचलून जाळ्यात शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला दारातच अडवलं.

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'पटत नसेल तर सर्व्हर बदला.' इथे आपण मूळ मुद्द्याशी येतो.

भारतात 20 जानेवारी 2011 पासून देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली. कंपनी बदला, नंबर तोच. त्याआधी कंपनी बदलायची म्हणजे बँक, गॅस एजन्सी, मुलांची शाळा, सगळ्यांना नवा नंबर कळवत बसा. म्हणून माणसं वैतागत पण बदलत नसत. मास्टोडॉन या बाबतीत अजून 2011 च्या आधीच्याच काळात आहे. तुमचा पत्ता असतो नाव, मग सर्व्हरचं डोमेन. सर्व्हर बदलला की पत्ता बदललाच. सोय आहे, पण ती अशी: नव्या खात्यात जुन्याचं नाव नोंदवायचं, मग जुन्या खात्यातून 'हलवा' म्हणायचं, म्हणजे जुना सर्व्हर सगळ्यांना तुमचा नवा पत्ता कळवतो आणि फॉलोअर तिकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी स्वतः फाइल उतरवून चढवायची. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. प्रत्येक पोस्टच्या ओळख-क्रमांकातच जुन्या सर्व्हरचं डोमेन कोरलेलं असतं, त्यामुळे ती हलवली तर जाळ्याच्या दृष्टीने ती वेगळीच पोस्ट ठरते. आणि हे सगळं व्हायला जुना सर्व्हर जिवंत आणि राजी असावा लागतो. डोमेनच गेल्यावर स्थलांतराची घोषणा करणार कुठून?

पत्ता कोणाच्याच दारात न ठेवता बनवता येईल का? येतो. आणि तो ज्या युक्तीने बनतो ती मला इतकी आवडते की तिच्यावर जरा रेंगाळणार आहे.

ब्लूस्काय हे 2019 मध्ये ट्विटरमध्येच उगवलेलं आणि पुढे स्वतंत्र कंपनी झालेलं व्यासपीठ. त्याच्या एटी प्रोटोकॉल नावाच्या नियमावलीत तुमची खरी ओळख म्हणजे तुमचं दिसणारं नाव नव्हे. नाव कधीही बदलता येतं. खरी ओळख म्हणजे डीआयडी, चोवीस अक्षरांची एक निरर्थक दिसणारी माळ. ती कोणी 'देत' नाही, ती गणिताने निघते. खातं उघडताना एक छोटी नोंद तयार होते: हे माझं नाव, हा माझा सर्व्हर, या माझ्या किल्ल्या. किल्ली म्हणजे प्रचंड मोठ्या संख्यांची जोडी. खासगी संख्येने सही करायची, जाहीर संख्येने कोणीही ती तपासायची. नोंदीवर अशी सही झाली की तिचा एसएचए-256 हॅश काढतात. कितीही लांब मजकूर घाला, बाहेर 256 बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) ठसा येतो, आणि एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. त्या ठशाची पहिली चोवीस अक्षरं हाच तुमचा डीआयडी. एका अक्षरात पाच बिट, म्हणजे 120 बिट, म्हणजे एकावर छत्तीस शून्यांहून जास्त शक्यता. तुमच्या डीआयडीला जुळेल अशी दुसरी नोंद बनवायला निघालेला माणूस इतक्यात घरी परतायचा नाही.

उद्या सर्व्हर बदलला की दुसरी नोंद करायची. तिच्यात आधीच्या नोंदीचा हॅश असतो आणि आधीच्या नोंदीत जाहीर केलेल्या किल्लीने केलेली सही असते. अशी साखळी लांबत जाते, पण डीआयडी पहिल्या नोंदीतून आलेला असल्यामुळे तसाच राहतो. नंबर तोच, कंपनी वेगळी.

आता पोस्टांकडे या. तुमच्या सगळ्या पोस्ट, लाइक, फॉलो एका झाडासारख्या रचनेत ठेवतात. तिला मर्कल सर्च ट्री म्हणतात. हॅशच्या झाडाची मूळ कल्पना राल्फ मर्कल यांची, 1979 ची. प्रत्येक नोंदीच्या नावाचा हॅश काढायचा आणि त्याच्या सुरुवातीला किती शून्य बिट आहेत ते मोजायचं. दर दोन शून्यांमागे नोंद एक मजला वर. पहिले दोन्ही बिट शून्य असण्याची शक्यता चारात एक, म्हणून पाऊण नोंदी तळमजल्यावर राहतात, उरलेल्यांतल्या पाऊण पहिल्यावर, आणि असंच वर. दहा हजार नोंदी असतील तर झाड साधारण सात मजली होतं. प्रत्येक मजल्यावरच्या गाठीत खालच्या गाठींचे हॅश असतात, सगळ्यात वर एकच हॅश उरतो, आणि सही फक्त त्याच्यावर करायची.

यातली गंमत अशी की झाडाचा आकार कोणी ठरवत नाही. नोंदी कुठल्याही क्रमाने घाला, कुठल्याही यंत्रावर घाला, आतलं सामान तेच असेल तर शेंड्याचा हॅश तोच येतो. नव्या सर्व्हरने तुमची फाइल घेतली, झाड पुन्हा उभारलं आणि शेंडा जुळला, की दहा हजार नोंदींत एका अक्षराचीही फेरफार नाही हे सिद्ध झालं. जुन्या सर्व्हरच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही. एकच पोस्ट तपासायची असेल तर दहा हजार नोंदी लागत नाहीत, तिच्या वाटेवरच्या सात-आठ गाठी पुरतात. (इथे ज्यांचा धागा सुटला असेल त्यांनी एवढंच धरावं: पोस्ट खरी आहे की नाही हे ती कुठे ठेवली आहे यावर अवलंबून नाही.)

हॅश, सही, साखळी हे शब्द आले की कोणीतरी हमखास विचारतं, 'म्हणजे ब्लॉकचेन ना? कॉइन कधी येतोय?' नाही. यात नाणं नाही, खाणकाम नाही. ब्लूस्कायही ब्लॉकचेनवर चालत नाही आणि मास्टोडॉनही नाही. 'विकेंद्रित' या शब्दाला गेल्या दहा वर्षांत इतकी तेलकट जाहिरात चिकटली आहे की तो ऐकताच खिसा चाचपावा. दुसऱ्या टोकाला ती फेसबुकवर अधूनमधून उगवणारी घोषणा: 'माझे फोटो वापरायची परवानगी मी फेसबुकला देत नाही, हा मजकूर कॉपी-पेस्ट करा.' शिकलेसवरलेले लोक ती भक्तिभावाने चिकटवतात. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी त्याने तसूभरही हलत नाहीत. ही अंधश्रद्धाच, फक्त इंटरनेटवरची.

तर, ब्लूस्कायवर सगळं आपल्या हातात आलं का? किल्ल्या बघा कोणाकडे आहेत. बहुसंख्य खाती कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत (त्या सर्व्हरांना अळिंबीच्या जातींची नावं दिली आहेत, हे उगाच), आणि सहीची किल्लीही तिथेच, तुमच्या वतीने सांभाळलेली. ओळखीची साखळी पुढे नेणाऱ्या किल्ल्याही तिथेच. नियमांनुसार अशा पाच किल्ल्या ठेवता येतात, त्यांना क्रम असतो, आणि खालच्या किल्लीने कोणी लबाडीने तुमचं खातं हलवलं तर वरच्या किल्लीने 72 तासांत ते रद्द करता येतं. सर्वांत वरची किल्ली तुमच्याकडे असेल आणि नोंदींची फाइल उतरवून ठेवलेली असेल, तर सर्व्हर रातोरात बुडाला किंवा उलटला तरी खातं दुसरीकडे नेता येतं. ही खरी पोर्टेबिलिटी. पण स्वतःची किल्ली नोंदवायला आज्ञावलीशी थोडी झटापट करावी लागते, म्हणून फारच थोडे लोक ते करतात. आणि उतरवलेल्या फाइलमध्ये फोटो नसतात, ते वेगळे उतरवावे लागतात.

किल्ली पूर्णपणे माणसाच्याच हातात दिली तर काय होतं, ते 2020 मध्ये सुरू झालेल्या नॉस्टर या आणखी एका विकेंद्रित जाळ्यावर पाहता येतं. तिथे किल्ली हीच ओळख. हरवली तर 'पासवर्ड विसरलात का?' असं विचारणारं कोणी नाही. फुटली तर किल्ली बदलायची सोयही मूळ रचनेत नाही. चोर आणि तुम्ही, दोघंही कायमचे 'तुम्ही'.

ब्लूस्कायच्या झाडाचा एक काटा मला स्वतःला टोचतो. ते झाड जाहीर आहे, म्हणून त्यातली प्रत्येक फांदी जाहीर. तुम्ही कोणाला ब्लॉक केलंत ही नोंदही त्यातच असते, आणि ती जगातल्या कोणालाही वाचता येते. त्रास देणाऱ्यापासून लपायला बाई ब्लॉक वापरते, आणि नेमकी ती यादी चव्हाट्यावर. 'म्यूट' खासगी राहतं, पण त्याने फक्त आपले डोळे मिटतात. पडताळणी कोणालाही करता यावी हवं असेल तर नोंद कोणालाही दिसणार, ही किंमत रचनेतच आहे.

कायद्याच्या दबावाखाली ही रचना कशी वागते हे ऑगस्ट 2025 मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने सगळ्या वापरकर्त्यांचं वय पडताळायची सक्ती केली, आणि ते परवडणारं नाही म्हणून ब्लूस्कायने त्या राज्यात आपलं ॲपच बंद केलं. निर्णय आमच्या ॲपपुरता आहे, त्याच प्रोटोकॉलवरचे इतर ॲप वेगळं ठरवू शकतात, असं कंपनीने त्याच वेळी लिहिलं. म्हणजे तिथल्या माणसाचं खातं, पोस्ट, फॉलोअर शाबूत होते; बंद झाला होता तो एक दरवाजा. दुसरा दरवाजा आहे हे किती जणांना माहीत होतं, ही गोष्ट वेगळी. त्याच प्रोटोकॉलवर उभ्या असलेल्या ब्लॅकस्कायसारख्या स्वतंत्र गटांनी आता स्वतःचे सर्व्हर आणि नोंदी गोळा करून पुढे पाठवणारा स्वतःचा रिलेसुद्धा उभा केला आहे.

एक गाठ अजून सुटायची आहे. डीआयडीच्या साखळ्या ठेवणारी नोंदवही एकच आहे आणि ती आजवर कंपनीने चालवली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने ती स्वित्झर्लंडमधल्या एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवायचं जाहीर केलं. ती वही कोणाच्याही हाती असली तरी खोटी नोंद घुसवू शकत नाही, कारण सही करणारी खासगी किल्ली वहीत नसते. नोंद दडवणं, उशीर लावणं किंवा विचारल्यावर गप्प बसणं मात्र तिला जमतं. त्यावर सध्याचा उपाय एवढाच की अख्ख्या वहीची नक्कल कोणालाही उतरवून घेता येते, आणि काही उत्साही लोक ती सतत उतरवत असतात.